परक्या राज्याचा कर

घर सोडून दूर देशीं जाणाऱ्या माणसास आपण जो उपदेश करितों, तो बहुधा थंडीचा, खाण्यापिण्याचा आणि संगतीचा असतो. गरम कपडे घे, वेळेवर जेव, मित्र पारखून कर, एवढें सांगितलें म्हणजे वडील मंडळींचें कर्तव्य संपतें. थंडीची सवय एकदोन हिंवाळ्यांत होते, आणि जेवणाची सोय हल्लीं कोठेंही लागते. परंतु परदेशीं राहणाऱ्याच्या शीलाची खरी परीक्षा ज्या प्रसंगीं होते, त्याविषयीं त्याला कोणींच सावध केलेलें नसतें. तो प्रसंग म्हणजे त्या देशाच्या सरकारास आपल्या वर्षाच्या उत्पन्नाचें पत्रक भरून देण्याचा होय. विषय रुक्ष आहे हें आम्ही जाणतों. पण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी आज अमेरिकेंत आहे. तेव्हां या रुक्ष विषयाच्या पोटांत नीतीचा जो प्रश्न दडला आहे, त्याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्राप्तिकर ही वस्तु आपणांस नवी नव्हे. १८५७ च्या उठावानंतर रिती झालेली तिजोरी भरण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं १८६० सालीं तो या देशांत आणला. परक्या सरकारनें लादलेली पीडा म्हणूनच आपण त्याकडे पाहावयास शिकलों, आणि स्वराज्य आल्यावरही ती दृष्टि पुरती पालटली असें म्हणवत नाहीं. शिवाय आपल्याकडील पगारदाराची कराशीं ओळख फार वरवरची असते. पगार हातीं येण्यापूर्वींच कर कापला जातो, वर्षअखेर कचेरींतून सोळा नंबरचा फॉर्म मिळतो, ओळखीचे सी. ए. त्यावरून पत्रक तयार करितात, आणि आपण न वाचतां 'ठीक आहे' म्हणतों. या सर्व व्यवहारांत आपल्या सदसद्विवेकबुद्धीस कोणीं हांकच मारलेली नसते. अशा रीतीनें कर देणारा मनुष्य प्रामाणिक नसतो असें नव्हे. त्याच्या प्रामाणिकपणास कसोटी लागलेली नसते, एवढेंच.

अमेरिकेंतही पगारांतून कर कापतात, आणि पत्रक भरून देणारे जाणकार तेथेंही मिळतात. फरक निराळाच आहे. नोकरीसाठीं गेलेला मनुष्य दिवसांच्या मोजणीनें बहुधा लवकरच करापुरता तेथील रहिवासी ठरतो, आणि तसा तो ठरला कीं त्याचें जगांतील सर्व उत्पन्न तेथें सांगावें लागतें. पुण्याच्या बँकेंतील मुदतठेवीचें व्याज, नाशिकच्या घराचें भाडें, सारें कांहीं. आपला कायदाही येथील रहिवाशांस हाच नियम लावतो. पण ज्याचा जन्म एकाच देशांत जातो त्यास तो जाणवत नाहीं. स्थलांतर करणाऱ्यास तो पहिल्याच वर्षीं जाणवतो. आपलें आर्थिक वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत, तेथील करवर्ष जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. म्हणून येथील बँकेचा वार्षिक दाखला तेथें उपयोगी पडत नाहीं, व्याज महिन्यामहिन्यानें नव्यानें मोजावें लागतें. येथें ज्या बचतीच्या व्याजास करमाफी आहे, तें तेथें आपोआप करमुक्त होत नाहीं. एकाच उत्पन्नावर दोनदां भुर्दंड पडूं नये म्हणून दोन्ही देशांत १९८९ सालीं करार झाला आहे, त्याचा आधार मिळतो. पण आधार मिळण्यासाठीं आधीं सांगावें लागतें.

याहून पुढची एक गोष्ट आहे. १९७० सालच्या एका कायद्यान्वयें, परदेशांतील आपल्या सर्व खात्यांची बेरीज वर्षांतून एक दिवस जरी दहा हजार डॉलरांच्या वर गेली, तरी त्या प्रत्येक खात्याची माहिती आणि त्यांतील वर्षभरांतील सर्वांत मोठी शिल्लक तेथील अर्थखात्यास निराळ्या पत्रकानें कळवावी लागते. त्यावर कर नाहीं. केवळ माहिती द्यावयाची. खातें दुसऱ्या कोणाबरोबर सामायिक असलें, किंवा आपणांस त्यावर नुसता सहीचा अधिकार असला, तरीही तें सांगितलें पाहिजे.

या व्यवहाराची सवय होत असतां मनाच्या तीन अवस्था दिसून येतात. पहिल्या वर्षीं भय असतें: चुकीची एक ओळ लिहिली तर आपणांस देशाबाहेर घालवितील, असें वाटतें. दुसऱ्या तिसऱ्या वर्षीं चतुराई येते: काय लिहिलेंच पाहिजे आणि काय न लिहिल्यानें कोणास कळत नाहीं, हें स्नेहीमंडळींकडून समजूं लागतें. पुढें खरी सवय जडते. परंतु ती भयाची, चतुराईची कीं सचोटीची, हें दुसऱ्या अवस्थेंत आपण कसे वागलों यावर ठरतें. म्हणून आम्हांस ही दुसरी अवस्थाच सर्वांत धोक्याची वाटते.

आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट येथें सांगतों. ते न्यू जर्सींत नोकरी करितात. त्यांचे वडील साताऱ्यास शाळेंत शिक्षक होते. निवृत्तीची रक्कम आणि आयुष्यभराची शिल्लक त्यांनीं बँकेंत ठेविली आहे, आणि अडीअडचणीस उपयोगी पडावें म्हणून खात्यावर मुलाचेंही नांव घातलें आहे. असें नांव आपल्याकडे घरोघर असतें. मुलानें त्यांतील एक पैसा कधीं घेतलेला नाहीं. पण नांव आहे, आणि रक्कम दहा हजार डॉलरांहून अधिक आहे. दोन वर्षें आमच्या स्नेह्यांनीं तें खातें कळविलें नाहीं. पहिल्या वर्षीं नियमच ठाऊक नव्हता, दुसऱ्या वर्षीं ठाऊक होता. त्यांची सारी अस्वस्थता या दोन वर्षांमधील अंतरांत सांठविलेली आहे.

न कळविण्याच्या बाजूनें त्यांनीं स्वतःशीं जे मुद्दे मांडले, ते सामान्य नव्हते. पैसा माझा नाहीं, वडिलांचा आहे. कळवून सरकारास एक डॉलरही मिळावयाचा नाहीं, म्हणजे न कळविल्यानें कोणाचें नुकसान नाहीं. वडिलांची पुंजी परक्यांच्या दप्तरांत मांडणें हा घरच्या विश्वासाचा भंग आहे. आणि जें सरकार मला मताचा अधिकार देत नाहीं, त्याचें माझ्यावर एवढें ऋण तरी कोणतें?

शेवटच्या मुद्द्यांत तथ्य नाहीं असें कोणी म्हणूं नये. ज्यांचा प्रतिनिधि नाहीं त्यांच्यावर कर नसावा, या तत्त्वासाठीं १७७३ सालीं बोस्टनच्या बंदरांत चहाच्या पेट्या समुद्रांत फेंकणारे लोक याच देशाचे पूर्वज होत. तरी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्यास नागरिकत्व नाकारलें, तें दार १९४६ च्या कायद्यानें उघडेपर्यंत तेथें राहणाऱ्या आपल्या लोकांस कर मात्र माफ नव्हता. आजचेंही पाहा. नवराबायकोस तेथें एकत्र पत्रक भरतां येतें. पण साताऱ्याच्या आईबापांस मुलानें दरमहा पैसे पाठविले, तरी ते त्याच्या पत्रकांत अवलंबित म्हणून धरले जात नाहींत. कॅनडा व मेक्सिको येथें राहणारे आईबाप इतर अटी पुऱ्या झाल्यास धरले जातात. आपल्या करकायद्यानें हिंदु अविभक्त कुटुंबास स्वतंत्र स्थान दिलें आहे. तेथील फॉर्मास तें कुटुंब दिसतच नाहीं. वृद्धापकाळच्या पेन्शनसाठीं पगाराचे शेंकडा ६.२ कापले जातात. तो हक्क पदरीं पडावयास साधारणपणें दहा वर्षांची नोकरी लागते, आणि नोकरीच्या नेहमींच्या व्हिसाची सामान्य मुदत सहा वर्षांची. जो मध्येंच परत आला, त्याचा तो पैसा बहुधा तेथेंच राहतो. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या पोटांत ठेवण्याचें कारण नाहीं.

परंतु तक्रार करणें आणि लपविणें यांत मोठें अंतर आहे. प्लेटोच्या 'क्रायटो' संवादांत तुरुंगांतून पळून जाण्यास साक्रेटीस नकार देतो, तेव्हां त्याची भूमिका अशी कीं, ज्या नगराच्या कायद्यांचा आश्रय आपण राजीखुशीनें घेतला, त्यास एक तर त्याची चूक पटवून द्यावी, नाहीं तर त्याची आज्ञा पाळावी. तिसरा मार्ग नाहीं. आमचे स्नेही तेथें कोणीं धरून नेल्यामुळें राहिलेले नाहींत. तेथील रस्त्यांवरून ते जातात, त्यांचीं मुलें तेथील सरकारी शाळेंत फी न देतां शिकतात, आणि घरमालकाशीं तंटा झाला तर न्यायालय त्यांचें नागरिकत्व न विचारतां निवाडा देतें. कालिदासानें रघुवंशांत दिलीपाच्या कर घेण्यास सूर्याच्या पाणी शोषण्याची उपमा दिली आहे; तो घेतो तें अनेकपटीनें परत देण्यासाठीं. केंद्र, राज्य व गांव यांच्या करांतून पडणाऱ्या त्या पावसांत आपण भिजत असूं, तर आपल्या अंगणांतील पाण्याचा हिशेब विचारला असतां रागावणें बरें नव्हे.

आणि उघडपणें भांडणाराचा निभाव लागतो, याचेंही उदाहरण आहे. अलेक्झांड्रू बिटनर हे रोमानियांतून अमेरिकेंत गेलेले गृहस्थ. पांच वर्षांचीं खात्यांचीं पत्रकें त्यांनीं वेळेवर भरलीं नव्हतीं. अनवधानाच्या अशा चुकीस कायद्यांत मूळ दहा हजार डॉलरांपर्यंत दंड सांगितला आहे. सरकारनें तो प्रत्येक खात्यास लावून २७ लाख २० हजार डॉलरांचा आंकडा काढला. दंड खात्यामागें नसून पत्रकामागें आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं दिला, आणि तो आंकडा पन्नास हजारांवर आला. कायदा कठोर आहे, हें यावरून दिसतेंच. पण त्याच्या कठोरपणाशीं झगडतां येतें तें समोर उभें राहून. दडून बसलेल्यास झगडण्याची सोय नसते.

उरले पहिले तीन मुद्दे. पैसा माझा नाहीं, हें खरें असेल तर तसें सांगतां येतें. सामायिक खात्यांतील दुसरें नांव कोणाचें, हें तें पत्रकच विचारतें. नुकसान कोणाचें नाहीं, हेंही वरवर खरें. परंतु उत्पन्नाच्या पत्रकांत, परदेशांत आपलें खातें आहे काय, असा स्पष्ट प्रश्न असतो, आणि त्याखालीं 'हें सर्व माझ्या माहितीप्रमाणें खरें व पुरें आहे' अशा अर्थाच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. जाणूनबुजून केलेल्या खोट्या सहीनें सरकारच्या तिजोरींत तूट न येवो. सही करणाराच्या शब्दांत ती आल्यावांचून राहत नाहीं. जो एका ओळीपुरता आपला शब्द हलका करितो, त्यास दुसरी ओळ जड वाटत नाहीं.

घरच्या विश्वासाचा मुद्दा मात्र युक्तिवादानें सुटण्यासारखा नव्हता. तो ज्यांचा होता त्यांनाच विचारणें प्राप्त होतें. आमच्या स्नेह्यांनीं एका रविवारीं वडिलांस फोन केला.

"अरे, माझ्या पैशांची चौकशी तिकडच्या सरकारला कशाला?" वडील म्हणाले. "मी त्यांच्या राज्यांत कधीं पाऊलही ठेवलेलें नाहीं."

"अण्णा, ते पैसे मागत नाहींत. खातें आहे एवढेंच लिहावयाचें असतें. पण दोन वर्षें मीं तें लिहिलेलें नाहीं."

अण्णा थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "न लिहिण्यासारखें त्यांत काय होतें? छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहून मिळविलेला पैसा आहे तो. तूं लपविलास म्हणजे पाहणाऱ्याला तो चोरीचाच वाटेल. लिहून टाक."

हें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटतें. मुलगा समजत होता कीं, लपविण्यानें आपण वडिलांची अब्रू राखीत आहों. वडिलांनीं दाखवून दिलें कीं, लपविण्यानेंच ती जात होती. कुटुंबनिष्ठा आणि परक्या राज्याविषयींची सचोटी यांमध्यें जो विरोध त्यांस भासला, तो बव्हंशीं त्यांनीं घरांत न विचारल्यामुळें उत्पन्न झाला होता. असा विरोध प्रत्येक घरीं इतक्या सहज मिटेल, असें आम्ही म्हणत नाहीं. बहीणभावांच्या वांट्याचा प्रश्न असेल, किंवा खात्यावरील नांवामागें कांहीं जुना बेबनाव असेल, तर बोलणें कठीण जाईल. तथापि ज्यांचा पैसा त्यांस न विचारतां त्यांच्या वतीनें खोटें बोलण्याचा अधिकार कोणत्याही नात्यानें मिळत नाहीं, इतकें निश्चित.

आमच्या स्नेह्यांनीं मागील दोन्ही वर्षांचीं पत्रकें, उशिराचें खरें कारण लिहून, भरलीं. आणि दुसऱ्या वर्षाच्या सहीबद्दल जें उत्तर द्यावें लागेल तें देण्याची तयारी ठेविली. 'ठाऊक असून लिहिलें नाहीं' हें वाक्य स्वतःच्या हातानें लिहितांना त्यांस जें वाटलें, तें कोणत्याही दंडाहून कमी नव्हतें, असें ते सांगतात.

न्यायाचीं कृत्यें करीत गेल्यानेंच मनुष्य न्यायी होतो, असें अॅरिस्टॉटलनें म्हटलें आहे. कर भरण्याची सवय म्हणजे केवळ आंकडे कोठें घालावे हें कळणें, असा अर्थ आम्ही करीत नाहीं. कोणी पाहत नसतां स्वतःविरुद्धही खरी साक्ष देण्याची सवय, असा तिचा अर्थ आहे. आणि ती परक्या राज्यांत जडली तर स्वतःच्या राज्यांतही उपयोगी पडेल. न वाचतां 'ठीक आहे' म्हणण्याची आपली जुनी संवय तीमुळें सुटली, तरी पुष्कळ झालें. मात्र आईबापांस न ओळखणाऱ्या फॉर्माची सवय कोणीं करून घेऊं नये. त्याविरुद्ध उघडपणें बोलत राहावें.

आतां दर वर्षीं मार्च महिन्यांत आमचे स्नेही साताऱ्यास फोन करितात. अण्णा कपाटांतून पासबुक काढतात, चष्मा लावतात, आणि सरलेल्या वर्षांतील सर्वांत मोठी शिल्लक एकेक आंकडा सांगून वाचून दाखवितात. मग विचारतात, "लिहिलेंस?" मुलगा "होय" म्हणेपर्यंत ते पासबुक मिटत नाहींत.