पाळीची जागा

गेल्या पावसाळ्यापूर्वी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील एका कोळी बांधवाने आम्हांस थांबवून विचारले, "फादर, खाडीत बारीक आसाचं जाळं लावलं तर ते पाप धरायचं का? मोठ्या आसात आता काही येतच नाही." चटकन उत्तर देण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

आम्हांस श्रीलंकेतील निगोंबो आठवले. वसईप्रमाणेच तेथील पुष्कळ कोळी पोर्तुगीज काळापासून कॅथलिक. गावालगत सुमारे ३,२०० हेक्टरांचे खाजण सरोवर एका अरुंद मुखाने समुद्राला मिळते. कोळंबीची पिले समुद्रातून आत येतात, समुद्री गवतात आणि तिवरांच्या मुळांशी वाढतात व मोठी होऊन ओहोटीबरोबर परततात. मुखाजवळ खुंट रोवून रात्री त्यांच्या वाटेवर जाळी लावतात. आपल्या डोलीच्या नात्यातलीच ती. जागा थोड्या, कोळी पुष्कळ. म्हणून तेथील चार कोळी संस्था चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात. आज याची पाळी, उद्या त्याची. १९५८ च्या सरकारी नियमांत हा रिवाज नोंदला गेला. यहूदाच्या रिकाम्या जागी संत मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनीच झाली होती, हे वाचकांना स्मरत असेल.

परंतु मुखाशी जागा न्यायाने वाटल्या, तरी आत उथळ पाण्यात कोणी बारीक आसाची जाळी रेटली वा ओढली, तर पिलेच उचलली जातात आणि गवतही उपटले जाते. पाळीची वाट पाहणाऱ्याचे जाळे रिकामे निघते; कोणी नेले, हे त्याला कळतही नाही.

पराकाष्ठेच्या गरजेत दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हे, असे संत थॉमस अक्वायनस यांचे प्रतिपादन सेमिनरीत आम्ही पाठ केले होते. पण श्रीमंताजवळ जे वरकड असते त्यावर गरिबाचा हक्क असतो, हा त्यामागचा विचार. येथे गरीब घेतो ते शेजारच्या गरिबाचे, आणि स्वतःच्या मुलांचेही. म्हणून त्याला निर्दोष म्हणणे आम्हांस जमत नाही. मात्र त्या पिलांचा वाटा बाजारात घासाघीस करून घेणारे आम्हीही त्या दोषात आहोत. (जवळा जातीनेच बारीक, त्याची गोष्ट निराळी.)

पुढच्या रविवारी आम्ही त्याला एवढेच सांगितले, की एकट्याने जाळे बदलून घर उपाशी ठेव, असे आम्ही म्हणणार नाही. खाडीतल्या सर्वांना एकत्र बोलाव, आम्हीही येऊन बसू. "पाहतो, फादर," तो म्हणाला. ती बैठक अजून झालेली नाही.