'त्यानंतर' आणि 'त्यामुळे'



"फादर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी लेकराचे दुखणे थांबत नाही," असे सांगत आईबाप प्रार्थना मागायला येतात. डॉक्टर म्हणतात, 'थोडे थांबू या.' हे थांबणेच सर्वांत जड जाते. अशा वेळी मणका सरकला आहे असे कोणी खात्रीने सांगितले, की दुखण्याला निदान नाव तरी मिळते. आपल्याकडे बेंबी सरकली म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

मणक्यांवर हाताने दाब वा झटका देऊन उपचार करण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत सुरू केली. मोठ्यांच्या कंबरदुखीत तिचा काहींना थोडाफार उपयोग होतो. मुलांच्या पोटदुखीवर किंवा कानदुखीवर ती गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळावर असा उपचार केल्याची चित्रफीत पाहून लोक हादरले. व्हिक्टोरिया राज्याने चौकशी केली. २०१९ च्या अहवालात गंभीर इजा फारशा आढळल्या नाहीत, पण फायद्याचा पुरावाही अगदी तोकडा निघाला. आणि तरीही, आपले अनुभव कळवणाऱ्या पालकांपैकी जवळजवळ सर्वांनी मुलाला बरे वाटल्याचे सांगितले!

ते खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. तान्ह्या बाळाचे पोटशुळाचे रडणे तीनचार महिन्यांत बहुधा आपोआप थांबते. ते शिगेला पोहोचते तेव्हाच आपण धावाधाव करतो आणि उतार तेथूनच लागायचा असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते. 'त्यानंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे, हे तर्कशास्त्राच्या वर्गात पाच मिनिटांत कळते. रडते मूल कडेवर असताना ते आठवणे निराळे.

अपाय नसेल तर हरकत काय, असे कोणी विचारील. मोठ्या माणसाने खुशाल करून घ्यावे. पाठ त्याची, पैसे त्याचे. मूल मात्र नकार देऊ शकत नाही. त्याच्या वतीने होकार देताना स्वतःला विचारावे लागते, की यातून आराम कोणाला हवा आहे, त्याला की मला? शिवाय फेऱ्या मारण्यात महिने जातात आणि घटणारे वजन, वारंवार येणारा ताप, झोपेतून उठवणारी कळ यांकडे दुर्लक्ष होते.

कारण सापडले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. 'काही नाही' म्हणून बोळवण झाली, की कुटुंब दुसरे दार शोधणारच. दुखणे कधी होते, कुठे होते, त्या दिवशी शाळा होती की सुटी, हे वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही घेऊन पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे जावे.