श्रुतिपेटी आणि आप्तवाक्य

जाणकारांचे एकमत हे प्रमाण मानायचे का? न्यायदर्शनाने या प्रश्नाचे उत्तर फार नेमके दिले आहे. शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त कोण, तर ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने तर ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सर्वांना सारखीच लागू केली. म्हणजे अधिकार घराण्यातून किंवा जमातीतून येत नाही, वस्तूशी झालेल्या गाठीतून येतो. ही कसोटी लावली तर शंभर रसिकांनी एकाच गुरूचे मत पुन्हा सांगितले, तरी साक्षीदार एकच उरतो. बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांच्या, पेटीबद्दल (हार्मोनियमबद्दल) जे बोलले जाते त्याला ही कसोटी लावून पाहायला हवी.

राहुरी-नेवाशाच्या पट्ट्यात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतात. तिथे टाळ, पखवाज आणि पेटी यांचे नाते कोणी तपासत बसत नाही. शास्त्रीय संगीताच्या दरबारात मात्र पेटी दीर्घकाळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. आरोप दोन होते. तिला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, येत नाही, आणि तिचे स्वर समान अंतरावर कापलेले आहेत. दुसरा आरोप निखालस खरा आहे. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). साध्या पेटीचा गंधार ४०० सेंटवर. पट्टी दाबून धरली की त्या चौदा सेंटांच्या भांडणाने सूर थरथरू लागतो, आणि तयार कानाला ते सहन होत नाही. यात जाणकारांची चूक नाही.

हा दोष काढण्याचे प्रयत्न मराठी मुलखातच झाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुतींची मोजणी केली, न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्यासोबत होते. त्यांची श्रुतिपेटी १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, आणि तिथल्या पंडितांना ती पटली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी वेगळी रचना केली. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन श्रुती, आणि पट्टीखालच्या खुंटीने रागानुसार हवी ती निवडायची. रीड जवळजवळ दुप्पट, त्या एकेक करून जुळवायच्या, म्हणून वाद्य महाग. पण त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्याशी भांडत नाही. तरीही मैफलीत ही पेटी क्वचितच दिसते, आणि ‘शेवटी पेटी ती पेटीच’ हे वाक्य मात्र सहज ऐकू येते. माझा आक्षेप या वाक्याला आहे. ज्या दोषामुळे वाद्य नाकारले तो गेल्यावरही निकाल तोच राहत असेल, तर तो निकाल त्या दोषावर उभा नव्हता.

मींडेचा आक्षेप उरतो, आणि तो मी नाकारत नाही. पण संतूरलाही मींड नव्हती. शिवकुमार शर्मांनी १९५५ मध्ये मुंबईत ते वाजवले तेव्हा हीच तक्रार झाली, आणि पुढे त्याच रसिकवर्गाने संतूर डोक्यावर घेतले. उणीव तीच असताना एकाला मान आणि दुसऱ्याला अढी, याचे कारण स्वरात सापडत नाही. याहून बळकट आक्षेप वेगळा आहे. १९६३ मध्ये नझीर जयराझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष वादनातले स्वर मोजले, तेव्हा कलाकार ठरलेल्या श्रुतींवर स्थिर राहत नाहीत असे दिसले. मग बावीस खुणा पक्क्या करून काय साधले? बावीस हाच अंतिम आकडा आहे असा दावा यामुळे कोसळतो, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र हाच पुरावा उलटाही लागतो. गायकाचा स्वर इतका हलत असेल, तर साध्या पेटीला सूक्ष्म बेसूरपणाबद्दल तीस वर्षे शिक्षा का झाली? स्वरस्थान काटेकोर हवे असेल तर श्रुतिपेटी जास्त जवळची, आणि काटेकोरपणा अशक्य असेल तर दोन्ही पेट्या निर्दोष. टीकाकाराला यांतली एकच बाजू घेता येईल.

कोणी म्हणेल, महाग वस्तू घेणारा स्वतःलाच फसवतो. एवढे पैसे मोजल्यावर ती गोडच वाटणार. ही शंका रास्त आहे. मोह कानालाही होतो, म्हणून ज्याने पैसे मोजले त्याचे प्रशस्तिपत्रही मी पुरावा मानत नाही. पण किंमत जशी कानावर पडदा ओढते तशीच मंडळाची मर्जीही ओढते. गुरुबंधूंमध्ये हसे होईल या धास्तीने न ऐकताच नाक मुरडणारा आणि पावती आठवून माना डोलावणारा, दोघेही आप्त नव्हेत. तयार कानाचा अधिकार मला मोठा वाटतो, पण तो ऐकल्यानंतर सुरू होतो.

तेव्हा संगीत विद्यालयांना आणि भजनी मंडळांना एकच विनंती आहे. पडद्यामागे साधी पेटी आणि श्रुतिपेटी ठेवा, पुढे तानपुरा लावा, एकच यमन दोन्हींवर वाजवून घ्या आणि श्रोत्यांना निवड लिहून द्यायला सांगा. साधी पेटी जिंकली तर तो निकाल मी आनंदाने स्वीकारीन.