मात्रा मोजली, वाट राहिली

पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की विदर्भात दरवर्षी तेच बोलले जाते. शेतकऱ्याने मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, बाटलीवरचा विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण पाहिला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यांत भरती झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. तेव्हाही दोष आधी शेतकऱ्याच्या अज्ञानाला देण्यात आला. सप्टेंबरच्या उकाड्यात दिवसभर रबरी पोशाख अंगावर ठेवून दाखवा, एवढेच मास्क-हातमोजे सुचवणाऱ्यांना सांगणे आहे. त्रिकोणाच्या दाव्याला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण तो विज्ञानाचा आधार घेऊन येतो.

त्रिकोणाचा रंग येतो कुठून? प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून. त्यांना रात्रभर उपाशी ठेवतात, नळीने रसायन थेट जठरात सोडतात, एकदाच, आणि १४ दिवस लक्ष ठेवतात. निम्मे उंदीर ज्या मात्रेला मरतील ती मात्रा, वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये. १९२७ साली ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे माप मांडले ते औषधांची ताकद ठरवण्यासाठी. आपल्या १९७१च्या कीटकनाशक नियमांत ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा आकडा १४ च्या आसपास, प्रोफेनोफॉस या दुसऱ्याचा साडेतीनशेच्या. उंदरावरून माणसाचे काहीच कळत नाही असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. १४ आणि ३५० यांतला फरक खरा आहे.

पण तो फरक गिळलेल्या विषाचा आहे. फवारणारा माणूस विष गिळत नाही. पऱ्हाटी छातीपर्यंत वाढलेली असते, पंपाचा तुषार तोंडावर येतो, ओला सदरा संध्याकाळपर्यंत पाठीला चिकटून राहतो. नियमांत कातडीवाटेचाही आकडा आहे, असे कोणी म्हणेल. आहे, आणि तो असायलाच हवा. पण ती चाचणी म्हणजे पाठीचे केस काढलेला उंदीर, एक रसायन, एकदा, २४ तास. ड्रममध्ये दोन-तीन औषधे एकत्र कालवली जातात, त्या मिश्रणासाठी त्रिकोण कुठेच छापलेला नसतो. आणि फवारणारा पुष्कळदा मजूर असतो. बाटली मालकाने आणलेली, औषध मालकाने कालवलेले. मजुराच्या हाती पंप येतो. त्याने काय वाचायचे होते?

म्हणून मला मात्रा आणि वाट हा भेद सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्रिकोण मात्रा सांगतो. विष अंगात कोणत्या वाटेने, किती दिवस, कोणाच्या सोबतीने शिरले, हे तो सांगू शकत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस दोन्ही रक्तातले कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. ते भरून यायला आठवडे लागू शकतात. आज निम्मे गेले आणि चार दिवसांनी पुन्हा पंप पाठीवर चढला, तर दुसऱ्या फवारणीला माणूस आधीच खचलेला असतो. तो घरी जेवतो, कामावर जातो, आणि तिसऱ्या खेपेला कोसळतो. एकाच डोसाच्या उंदरावर हे कसे दिसणार? वाट समजून घ्यायची तर फवारणाऱ्याचेच रक्त तपासावे लागेल.

आणि ते तपासता येते. हंगामाआधी एकदा, मग फवारणीच्या काळात अधूनमधून. आधीची पातळी ठाऊक नसेल तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही, कारण ती माणसागणिक बदलते. पातळी उतरलेली दिसली की त्या मजुराच्या पाठीवरचा पंप काढायचा आणि त्याची मजुरी बुडू द्यायची नाही. हा दुसरा भाग वगळला तर तपासणीला कोणी येणार नाही. मोनोक्रोटोफॉसवर २०२३ साली बंदीचा निर्णय झाला, तो योग्यच होता. पण त्याच्या जागी येणारे रसायनही उंदराचा एक आकडा आणि एक रंग घेऊनच बाजारात येईल. ही तपासणी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, जून उजाडण्याआधी सुरू व्हायला हवी.