शेवटचा हात कोणाचा?

काही वर्षांपूर्वी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका तरुणाला भेटण्याचा प्रसंग आमच्यावर आला. प्रेस मशीनवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो पुनःपुन्हा एकच वाक्य म्हणत होता, “माहीच चुकी झाली जी.” कारखान्याच्या कागदांतही तेच लिहिले होते, फक्त भाषा निराळी : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. त्याची आई म्हणाली, “कोणतं पाप आडवं आलं, देव जाणे.” तिघांनी आपापल्या परीने कारण शोधले होते आणि तिघांचेही उत्तर एकाच माणसापाशी येऊन थांबले होते.

आम्ही थोडे खोदून विचारले. दोन्ही हातांनी दोन बटने दाबल्याखेरीज ते यंत्र खाली येऊ नये, म्हणजे हात साच्यात राहण्याचा प्रश्नच नाही, अशी त्याची रचना होती. परंतु एका बटनात लाकडाची खुंटी ठोकलेली होती. एका हाताने माल सरकवावा, दुसऱ्याने बटन दाबावे. तसे केल्यावाचून पाळीचा नेमून दिलेला आकडा पुरा होत नसे. मुलगा ठेकेदाराकडचा, यंत्राची माहिती त्याला अर्ध्या दिवसात उरकून दिलेली. त्या दिवशी त्याची सलग दुसरी पाळी होती. खुंटी कोणी ठोकली, असे विचारता तो म्हणाला, “ते त पयलेपासूनच होती जी.”

अपघाताचे खापर शेवटच्या हातावर फोडण्याची रीत जुनीच आहे. अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, शंभरांपैकी ८८ अपघात माणसाच्या बेफिकीर कृतीमुळे घडतात, असे मांडले. त्यासाठी त्यांनी विम्याचे दावे व कारखान्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. नोंद लिहिणारा आपल्या साहेबाचे नाव कितीदा लिहील, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. पुढे इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी निराळा दृष्टांत दिला : प्रत्येक संरक्षण म्हणजे छिद्रे असलेली चीजची एक चकती. आपण चाळणी म्हणू. एकीतून निसटलेले संकट दुसरीत अडते. पण सगळ्या चाळण्यांची छिद्रे एका रेषेत आली, की ते आरपार जाते. शेवटची चाळणी कामगाराची. आधीच्या चाळण्या कोणाच्या हातात होत्या?

भोपाळचे उदाहरण घ्यावे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती; वायू धुऊन काढणारे यंत्र कामाच्या तयारीत नव्हते; तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. माणसेही कमी केलेली. तरीही कंपनीने पुढे सांगितले, की एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. क्षणभर ते खरे मानले, तरी एका माणसाच्या रागाने हजारो माणसे मरू शकतात, अशी व्यवस्था उभी करणारे निर्दोष कसे ठरतात?

आमच्या नागपूर जिल्ह्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी सकाळी, बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले. त्यांत सहा स्त्रिया. पुढच्याच वर्षी १३ जूनला धामण्याला दुसरा स्फोट झाला. मृतांत पुन्हा स्त्रियाच अधिक. तेथे तर दोष द्यायला हातही उरला नाही.

येथे एक शंका आम्हांस खरोखर छळते. सगळा दोष व्यवस्थेचा म्हटला, की तो कोणाचाच राहत नाही. व्यवस्थेला तुरुंगात टाकता येत नाही आणि ती पापनिवेदनालाही येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात ‘पापाच्या रचना’ हा शब्दप्रयोग केला, तेव्हा या रचनांचे मूळ माणसांच्या वैयक्तिक कृतींत असते, हेही बजावले. खुंटी आपोआप ठोकली जात नाही. पाळीचा आकडा कोणीतरी ठरवितो, कोणीतरी खुंटी पाहून पुढे जातो, कोणीतरी तपासणीच्या कागदावर सही करतो. दोष वाटला गेला म्हणून पातळ होत नाही; ज्याच्या हाती बदल करण्याची सत्ता अधिक, त्याचा वाटा अधिक. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने कंपनीच्या संचालकांपैकीच एकाला ‘भोगवटादार’ म्हणून जबाबदार धरले. संचालकांनी तक्रार केली, पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. या बाबतीत कायदा आमच्या नीतिविचारापुढे गेला, असे कबूल करावे लागते.

त्या माउलीला आम्ही संत लूकच्या शुभवर्तमानातील शिलोहाच्या बुरुजाची आठवण दिली. बुरुजाखाली मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते, ही समजूत प्रभूने नाकारली. पण तेथेच त्याने उभ्या असलेल्या सर्वांना पश्चात्तापाची हाक दिली, हा भाग सांगायचे आम्ही टाळले. तो तिच्यासाठी नव्हताच. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. तो तरुण दर रविवारी ती देतो, आम्हीही देतो.

दुसऱ्या आठवड्यापासून त्या प्रेसवर दुसरा मुलगा उभा राहू लागल्याचे कळले. खुंटी काढली का, हे कारखान्यात जाऊन विचारायचे आमच्याकडून राहून गेले.