सोपाऱ्याचा शिलालेख आणि ताडोब्याची वाट

वैशाखाच्या सुटीत दोन-तीन कुटुंबांनी मिळून मोटारी काढाव्यात आणि विदर्भातील राष्ट्रीय उद्याने एका फेरीत पाहून यावीत, असा बेत आता ठाण्याच्या वागळे इस्टेटीतील मध्यमवर्गीय घरांतही होऊ लागला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्याची ही पहिली वसाहत. नुसत्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या येथील रस्त्यांवरच्या कारखान्यांत कोकणातून, घाटावरून, खानदेशातून जी माणसे आली, त्यांच्या लेखी मे महिन्याची सुटी म्हणजे गावी जाणे, याहून दुसरा अर्थ दीर्घकाळ नव्हता. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग पुरा झाला, आणि भिवंडीजवळ त्या मार्गाला लागलेला प्रवासी दिवस मावळण्यापूर्वी नागपूर गाठू शकेल, अशी सोय झाली. नागपुराहून पेंच, तेथून नवेगाव-नागझिरा, मग चंद्रपूरचा ताडोबा आणि परतीच्या वाटेवर मेळघाट, असा क्रम नकाशावर सहज जुळतो. प्रवेशाचे परवाने आगाऊ काढणे, प्रत्येकाच्या ओळखपत्राची नोंद देणे, दरवाजा मोहर्लीचा घ्यावा की कोलाऱ्याचा हे ठरवणे, मंगळवारी ताडोबा बंद असतो हे ध्यानात ठेवून मुक्काम मागे-पुढे करणे, ह्या सर्व तजविजीत जी आस्था दिसते ती मला मनापासून प्रिय आहे. परंतु ह्या तजविजीच्या मुळाशी असलेला जो प्रश्न कोणी उच्चारीत नाही, तो माझ्या मते मूलतः धार्मिक आहे: अरण्यात आपण कोणत्या नात्याने जातो?

हा प्रश्न आपल्याच परिसरात फार पूर्वी पाषाणावर कोरला गेला होता. ठाण्याहून फारशा दूर नसलेल्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक भग्न अंश सापडला; त्या लेखाचा संपूर्ण मजकूर गिरनारसारख्या अन्य ठिकाणच्या प्रतींवरून ज्ञात आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत व त्यांत मृगया आणि तत्सम विनोद चालत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्याचा आशय आहे. धर्मयात्रेत काय घडते, हेही तो सम्राट सांगतो. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट, आणि जनपदातील लोकांचे दर्शन घेऊन त्यांच्याशी धर्मविषयक विचारपूस, ही त्याची अंगे होत. मला ह्या यादीतील अखेरचे अंग सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण दर्शनाला जातो ते देवाच्या, साधूच्या, फार तर राजाच्या. येथे राजाच प्रजेच्या दर्शनाला निघाला आहे, आणि त्याच्या प्रवासाचे धर्म्यत्व त्या भेटीने ठरते आहे.

ह्या कसोटीवर आपली वनयात्रा लावून पाहिली, म्हणजे ज्या अरण्यात माणूस नाही असे आपण समजतो, त्यात माणसेच माणसे दिसू लागतात. ताडोबा हे नावच मुळी एका माणसाचे. तारू नावाचा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, लोकांनी त्याला देवत्व दिले, तळ्याच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे स्थान झाले आणि पौष महिन्यात तेथे यात्रा भरू लागली, अशी परंपरागत कथा आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि पुढे बोटेझरीसारखी गावे आतून उठवून बाहेर वसवण्यात आली. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे अशीच हलली. वन्य जीवांना निर्वेध प्रदेश हवा, हे मला मान्य आहे, आणि गावकऱ्यांना शाळा-दवाखाना हवा होता, हेही खरे. पण ज्यांचे देव आत राहिले आणि जे स्वतः बाहेर आले, त्यांनी मोकळ्या केलेल्या भूमीवर आपण पाहुणे म्हणून उतरतो, ह्याची जाणीव नसेल, तर आपली सहल त्या जुन्या विहारयात्रेहून वेगळी कशी? आम्ही शुल्क भरतो, त्यातून आसपासच्या गावांतील तरुणांना मार्गदर्शकाचे व चालकाचे काम मिळते, असे उत्तर यावर देण्यात येते, आणि ते खोटे नाही. तथापि शुल्काने प्रवेशाची किंमत चुकती होते, नात्याची नव्हे; ज्या तरुणाला आपण केवळ ‘वाघ दिसेल ना?’ एवढेच विचारतो, त्याच्या आजोबांचे गाव कोठे होते हे विचारण्याची सवड त्या वेळापत्रकात ठेवणे अशक्य नाही.

आणि उन्हाळाच का, याचाही विचार झाला पाहिजे. सागाची पाने गळून रान उघडे पडते, नाले आटतात, आणि जे थोडे पाणवठे उरतात त्यांवर हरणांपासून वाघापर्यंत सर्वांना यावेच लागते. म्हणून वैशाख हा दर्शनाचा हंगाम. म्हणजे आपले सुख त्यांच्या तहानेवर उभे असते. येथे मला रामायणातील दशरथाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. रात्रीच्या अंधारात शरयूच्या तीरावर पाणी पिण्यास येणाऱ्या श्वापदाची वाट पाहत तो धनुष्य सज्ज करून बसला होता. घट भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला, आणि अंध मातापित्यांचा एकुलता एक आधार त्याच्या बाणाने पडला. राजाला मृगयेचा अधिकार होता, तरी त्या महाकाव्याने रघुकुलाच्या सर्वांत मोठ्या दुःखाचे बीज नेमके पाणवठ्यावर ठेवले आहे. आपल्या हाती बाण नसून कॅमेरा असतो, आणि हा भेद लहान नाही. परंतु वाघीण बछड्यांसह पाण्याकडे निघाली असता आठ-दहा जिप्सी तिच्या वाटेत दाटीने उभ्या राहतात, तेव्हा तहानलेल्या जीवाची वाट अडवण्याचा दोष तेवढ्याने टळत नाही. चालकाला गाडी मागे घेण्यास सांगणे आणि त्यापायी हातचे छायाचित्र जाऊ देणे, हे माझ्या दृष्टीने त्या क्षणीचे धर्माचरण होय. वनखाते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवरून प्राण्यांची मोजणी करीत आले आहे, आणि अलीकडे त्यात सामान्य नागरिकांनाही बसू देतात. चांदण्यात रात्रभर न बोलता, न हलता बसून जो येईल त्याची फक्त नोंद करावयाची, अशी ती रीत आहे. ज्याला शक्य असेल त्याने आपला सारा बेत त्या तिथीभोवती आखावा.

स्वेच्छेने मर्यादा घालून घेण्याची ही रीत आपल्या डोंगराला अपरिचित नाही. वागळे इस्टेटीच्या मागे उभा असलेला येऊर ज्या उद्यानाचा भाग आहे, त्याच्याच पश्चिमेकडील अंगात कान्हेरीची लेणी आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाची नोंद तेथील शिलालेखांत आढळते, आणि विहारांलगत पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेल्या पोढी अजून शाबूत आहेत. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात, तेव्हा कोवळे गवत आणि बारीक जीव पायांखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून बुद्धाने वर्षावासाचा नियम घातला, असे विनयपिटकात सांगितले आहे. पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा प्रवाशांना बंद होतो, त्यात मला त्याच नियमाचे एक आधुनिक रूप दिसते, आणि म्हणून त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

येऊरच्या पाड्यांवरील वारली लोकांचा वाघोबा तर ह्याहूनही जवळचा. त्याच्यापुढे वाघबारशीला जे मागणे असते, ते गुराढोरांच्या व माणसांच्या रक्षणाचे असते. वाघ दिसावा, अशी इच्छा त्यात नसते. त्याने त्याच्या वाटेने जावे, आपण आपल्या वाटेने जाऊ, असा तो एक करार असतो, आणि बिबट्याच्या शेजारी नित्य राहणाऱ्यांनी तो केलेला असल्यामुळे त्याला वजन आहे. नागपूरच्या दिशेने निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी सकाळी मुलांना येऊरला न्यावे, तेथल्या एखाद्या वृद्धाची अनुमती घेऊन वाघोबाच्या स्थानापाशी जावे, आणि तो सांगेल तेवढे ऐकून घ्यावे. चंद्रपुराच्या मुक्कामी एक फेरी कमी करून जी सकाळ मोकळी ठेवायची, तिथे कोणाला काय विचारायचे, हे मुलांना मग वेगळे शिकवावे लागणार नाही.