नऊ विजेतेपदे कोणाची?

अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये ॲथलेटिक्स या संघाच्या नावावर वर्ल्ड सिरीजची ९ विजेतेपदे आहेत. १९१०, १९११, १९१३, १९२९ आणि १९३० ही पाच फिलाडेल्फियात असतानाची. १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९ ही चार ओकलंडमधली. या दोन गावांच्या मध्ये संघ १३ हंगाम कॅन्सस सिटीत होता. तिथे एकही नाही. २०२५ पासून तो सॅक्रामेंटोलगतच्या एका लहान मैदानावर, कोणत्याही गावाचे नाव न लावता, नुसता 'ॲथलेटिक्स' म्हणून खेळू लागला. २०२८ मध्ये त्याने लास व्हेगासला जायचे, असे ठरले आहे. नऊही विजेतेपदे तो सोबत नेणार.

लास व्हेगासने त्यांतले एकही पाहिलेले नाही. मग ती त्या गावाची कशी होतील?

या प्रश्नाशी भारतीय दर्शने फार पूर्वी भिडली आहेत. देह बदलतो, मन बदलते, स्थळ बदलते. तरी कालचा 'तो' आणि आजचा 'तो' एकच कशावरून? आणि एक नसेल, तर कालच्याने केलेल्या कर्माचे फळ आजच्याच्या पदरात कोणत्या न्यायाने पडते? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा याच विषयावरचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ का? चाके? दांडी? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की या सगळ्या भागांच्या आधाराने 'रथ' हे व्यवहारापुरते नाव पडलेले आहे. माणसाचेही तसेच, असे नागसेन म्हणतो.

ॲथलेटिक्सचा रथ असाच सोडवून पाहता येतो. खेळाडू म्हणजे संघ का? ते तर दर काही वर्षांनी सगळेच बदलतात. मैदान? फिलाडेल्फियातले शाइब पार्क १९०९ मध्ये उघडले, काँक्रीट आणि पोलादात बांधलेले ते तिथले पहिलेच मोठे बेसबॉल मैदान. १९७६ मध्ये ते पाडले गेले आणि आज त्या जागी चर्च उभे आहे. मालक अनेक झाले. रंगही पालटले: हिरवा आणि सोनेरी हे आज या संघाचे वाटणारे रंग १९६३ चे आहेत. उरते ते 'ए' हे अक्षर आणि एक पांढरा हत्ती. १९०२ मध्ये मॅनेजर जॉन मॅग्रॉ या संघाला हेटाळणीने पांढरा हत्ती म्हणाला होता, आणि फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅकने तोच हत्ती मानाने चिन्ह म्हणून घेतला.

हा कॉनी मॅक म्हणजे या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोठे कोडे. १९०१ पासून १९५० पर्यंत सलग ५० हंगाम तो या संघाचा मॅनेजर होता. निवृत्त झाला तेव्हा वय ८७. तो संघाचा गणवेश कधी घालत नसे; सूट आणि टाय घालून बाकावर बसे आणि हातातल्या धावपत्रिकेने खुणा करून क्षेत्ररक्षकांना हलवी. मॅनेजर म्हणून त्याचे ३,७३१ विजय आणि ३,९४८ पराभव हे दोन्ही विक्रम आजही कोणाच्या आवाक्यात नाहीत. एकच माणूस, एकच गाव, एकच नाव. तरी संघ एकच होता का? १९१४ मध्ये त्याच्या संघाने ९९ सामने जिंकले. वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टनकडून चारही सामने हरल्यावर, खेळाडूंचे पगार परवडेनात म्हणून, मॅकने एकेक मोहरा जाऊ दिला. एडी कॉलिन्स शिकागोला ५०,००० डॉलरला विकला गेला. पुढच्या वर्षी ४३ विजय आणि १०९ पराभव. १९१६ मध्ये ३६ विजय, ११७ पराभव. १९०० नंतरच्या मोठ्या लीगमध्ये विजयाचे इतके कमी प्रमाण दुसऱ्या कोणत्याच संघाच्या वाट्याला आलेले नाही.

मग १९२९ ते १९३१ अशी तीन वर्षे तोच संघ पुन्हा शिखरावर. लेफ्टी ग्रोव्ह, जिमी फॉक्स, मिकी कॉक्रेन, अल सिमन्स. १९३१ मध्ये १०७ विजय, त्यात एकट्या ग्रोव्हचे ३१. महामंदी आली, तिकिटे खपेनात, आणि मॅकने हाही संघ विकून टाकला. १९३५ मध्ये ॲथलेटिक्स तळाला होते. सगळे क्षणोक्षणी नवे होते आणि टिकते ते फक्त नाव, असे म्हणणाऱ्या बौद्ध क्षणिकवादाला १९१४ आणि १९१६ च्या या दोन ओळींहून बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे.

तरीही फिलाडेल्फियाच्या माणसाला तो संघ आपलाच वाटत राहिला. का, ते पुढे येईल.

१९५४ च्या हंगामात १०३ पराभव झाले, घरच्या मैदानावर सगळे मिळून सुमारे ३ लाख प्रेक्षक आले, आणि संघ अर्नोल्ड जॉन्सनला विकला गेला. जॉन्सनने तो कॅन्सस सिटीला नेला. तिथल्या तेराही हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक होते. चांगला खेळाडू तयार झाला की तो न्यूयॉर्क यांकीजकडे जाई. १९६१ मध्ये यांकीजकडून ६१ होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडणारा रॉजर मॅरिस दोनच हंगाम आधी कॅन्सस सिटीतून गेलेला होता. १९६० च्या अखेरीस चार्ल्स फिन्ली मालक झाला. त्याने हत्ती काढून खेचर आणले, रंग बदलले, आणि त्यासोबत फार महत्त्वाचे एक काम केले: तरुण खेळाडू शोधून करारबद्ध केले. बर्ट कँपनेरिस १९६४ मध्ये, कॅटफिश हंटर १९६५ मध्ये, साल बँडो १९६६ मध्ये, रेजी जॅक्सन १९६७ मध्ये असे सगळे पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरले ते कॅन्सस सिटीच्या संघातून. तिथल्या प्रेक्षकांनी त्यांचे पहिले अडखळते खेळ पाहिले, पराभव सोसले. १९६७ चा हंगाम संपताच फिन्लीने संघ ओकलंडला हलवला. पाच वर्षांनी याच मुलांनी ओळीने तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. यांकीज सोडले तर आजवर हे कोणालाही जमलेले नाही.

इथे बौद्धांना त्यांच्या विरोधकांनी विचारलेला प्रश्न उभा राहतो. टिकून राहणारा कोणीच नसेल तर दोन दोष येतात, असे नैयायिक, मीमांसक आणि जैन आचार्य सांगत आले. एक कृतनाश: ज्याने केले त्याचे फळ बुडते. दुसरा अकृताभ्यागम: ज्याने केले नाही त्याला फळ मिळते. कॅन्सस सिटीचा कृतनाश झाला. ओकलंडच्या पदरी निदान सुरुवातीला, न पेरता पीक आले.

या आक्षेपाला 'मिलिंदपञ्ह'मध्ये उत्तर आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. चोर म्हणतो, मालकाने लावली ती कोय वेगळी, मी नेले ते आंबे वेगळे. नागसेनाच्या मते चोर दोषी ठरतोच, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यातूनच आले. म्हणजे एकपण नसले तरी कार्यकारणाची साखळी असते आणि जबाबदारी त्या साखळीतून पुढे जाते. हे उत्तर बळकट आहे, आणि ॲथलेटिक्सलाही काही अंशी लागू पडते. टोनी ला रूसा १९६३ मध्ये, १८ व्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून खेळला. १९८९ मध्ये ओकलंडने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा तोच मॅनेजर होता. साखळीतली ही खरी कडी आहे. पण १९३१ चा ग्रोव्ह आणि १९७२ चा हंटर यांच्यात अशी कोणती कडी दाखवता येते? मालकी हक्काचा कागद, एवढीच. संघटित बेसबॉल याच कागदाला आत्मा मानते.

त्याचे परिणाम विचित्र होतात. वॉल्टर जॉन्सनने १९०७ ते १९२७ या काळात वॉशिंग्टनसाठी ४१७ सामने जिंकले. तो १९४६ मध्ये वारला. १९६१ मध्ये त्याचा संघ मिनेसोटाला गेला आणि 'ट्विन्स' झाला. आज जॉन्सनचे ते ४१७ विजय आणि १९२४ चे विजेतेपद मिनेसोटाच्या इतिहासात मोजले जातात. त्याने मिनेसोटा ट्विन्स हे नावही ऐकलेले नव्हते. उलट दिशेचेही उदाहरण आहे. १९०१-०२ मधला बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ यांकीजचा पूर्वज म्हणून वर्षानुवर्षे धरला जाई. २०१४ मध्ये बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या प्रमुख संकेतस्थळाने ही दोन वेगळी मंडळे मानायचे ठरवले, आणि तिथे यांकीजच्या खात्यातून ११८ विजय वजा झाले. शतकापूर्वीच्या सामन्यांत एकही चेंडू बदलला नाही. बदलला तो 'एकच' म्हणायचा निकष. मग हा निकष माणसांनीच ठरवायचा असेल, तर तो न्यायाने ठरवायला हवा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये एकदा तसे घडले. १९९५ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचा मालक संघ घेऊन बाल्टिमोरला निघाला. शहर न्यायालयात गेले, प्रेक्षकांनी आकाशपाताळ एक केले, आणि १९९६ मध्ये तडजोड झाली. खेळाडू आणि करार बाल्टिमोरला गेले. नाव, रंग, इतिहास आणि विक्रम क्लीव्हलंडमध्ये राहिले. तीन वर्षे त्या नावाने कोणीच खेळले नाही. १९९९ मध्ये नवे खेळाडू आले आणि जुन्या खात्यात पुढची नोंद सुरू झाली.

ओकलंडला असे काही मिळाले नाही. १३ जून २०२३ रोजी तिथल्या प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार पुकारला: मालकाने गाव सोडू नये म्हणून मैदान ओस पाडण्याऐवजी ते भरून दाखवायचे. हंगामात एरवी नऊ हजारही माणसे जमत नव्हती, तिथे त्या रात्री २७,७५९ आली. संघ विकून टाका, अशी मागणी छापलेले हिरवे सदरे घालून ती ओरडत होती. सामना २-१ ने जिंकला. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरची सार्वजनिक मदत मंजूर केली, आणि नोव्हेंबरमध्ये लीगच्या सगळ्या मालकांनी एकमताने स्थलांतराला संमती दिली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षक होते. टेक्सासवर ३-२ असा विजय मिळाला. ५७ हंगाम संपले. तीन महिन्यांच्या आत रिकी हेंडरसन वारला. याच गावात वाढलेला, मोठ्या लीगमध्ये १,४०६ बेस चोरणारा, १९८२ च्या एकाच हंगामात १३० चोरणारा. त्यांतले ८६७ ॲथलेटिक्ससाठी होते. कागद पाहिला तर ते ८६७ आता लास व्हेगासच्या वाटेवर आहेत.

न्यायदर्शनाने आत्म्याच्या बाजूने दिलेला एक युक्तिवाद इथे मदतीला येतो. एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. ज्याने पाहिले होते त्यालाच 'हे तेच' अशी ओळख पटते. म्हणून पाहणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. या कसोटीवर कागदाला काहीच आठवत नाही. २००२ मध्ये संघाने ओळीने २० सामने जिंकले तेव्हा विसाव्या सामन्यात ११-० अशी आघाडी गमावून ११-११ झाले होते आणि स्कॉट हॅटबर्गने नवव्या डावात होम रन मारला. ते ओकलंडच्या स्टँडमध्ये बसलेल्यांना आठवते. भूकंपामुळे दहा दिवस थांबलेली १९८९ ची वर्ल्ड सिरीज त्या खाडीकाठच्या गावांना आठवते, कारण त्या भूकंपात त्यांची माणसे गेली.

यावर एक खरी अडचण सांगितली जाते. १९११ पाहिलेले आज कोणीही जिवंत नाही. मग ते विजेतेपद कोणाचेच नाही का? पण आठवण एका डोक्यात सुरू होऊन तिथेच संपत नाही. ती आजोबांकडून नातवाकडे, त्याच रस्त्यावरून जाताना, बोट दाखवत दिली जाते. संघ जाऊन चार दशके उलटल्यावरही १९९६ मध्ये फिलाडेल्फिया परिसरातल्या लोकांनी ॲथलेटिक्सच्या इतिहासासाठी संस्था काढली, संग्रहालय चालवले. मॅकने दोनदा संघ मोडून विकला, तरी तो संघ एकच वाटत राहिला त्याचे कारण हेच: पाहणारे गाव बदलले नव्हते. खेळाडू येणार आणि जाणार, हे प्रेक्षक धरूनच चालतो. साक्षी बदलला की मात्र नवी गोष्ट सुरू होते.

म्हणून कागदाला आत्मा मानायचा हा नियम चुकीचा आहे, आणि तो बदलता येण्यासारखा आहे. फुटबॉलने १९९६ मध्ये केले ते बेसबॉलच्या लीगने २०२८ पूर्वी करावे. १९०१ ते १९५४ हे ५४ हंगाम आणि पाच विजेतेपदे फिलाडेल्फियाच्या नावावर लिहावीत. कॅन्सस सिटीचे १३ हंगाम कॅन्सस सिटीच्या, आणि त्यांत हंटर, कँपनेरिस, बँडो, जॅक्सन तिथे घडल्याची नोंद स्पष्ट असावी. ५७ हंगाम, चार विजेतेपदे आणि हेंडरसनचे ८६७ बेस ओकलंडला परत द्यावेत. लास व्हेगासच्या संघाने कोऱ्या पानावर सुरुवात करावी आणि तिथल्या लोकांसमोर जिंकलेला पहिला सामना त्याचा पहिला विजय म्हणून मोजावा.